गाडीचा विमा महागला? गोव्यात राहून विमा कंपनी कशी बदलायची

रिन्यूअलचा मेसेज येतो, आकडा गेल्या वर्षीपेक्षा तीन-चार हजारांनी मोठा दिसतो, आणि मग बहुतेकजण दोनपैकी एक काहीतरी करतात. शोरूमकडून आलेल्या लिंकवर मुकाट पैसे भरतात, नाहीतर मोबाईलवर दिसेल ती सगळ्यात स्वस्त पॉलिसी उचलतात. पहिल्यात पैसे जास्त जातात. दुसऱ्यात काय गेलं ते जुलैत, गाडी पाण्यात बसल्यावर कळतं.

मी स्वतः कंपनी बदलली आहे. त्यानंतर फोंड्यातल्या ओळखीच्या बऱ्याच जणांच्या पॉलिस्या त्यांच्याबरोबर बसून वाचल्या आहेत. गोंधळ सगळ्यांचा एकाच जागी होतो. हप्त्यातला कोणता भाग आपल्या हातात आहे आणि कोणता नाही हे माहीत नसतं, त्यामुळे जिथे कापायला हवं तिथे कापलं जात नाही आणि जिथे हात लावायला नको तिथे कात्री चालते. म्हणून पायरीपायरीने लिहितो. हे सगळं स्वतःच्या वापराच्या, पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीसाठी आहे. टॅक्सी आणि रेंट-अ-कॅबचे नियम आणि दर वेगळे असतात.

पायरी १ : जुनी पॉलिसी फोडून वाचा

पॉलिसी मुदत संपण्याच्या साधारण दीड महिना आधी हे काम सुरू करा. पहिल्या दोन पानांवर हप्त्याची विभागणी असते. एका कागदावर चार ओळी लिहून काढा.

पहिली ओळ ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता. लोक याला ओडी म्हणतात. हा दर प्रत्येक कंपनी आपला आपण ठरवते. कंपनी बदलून जो फरक पडतो तो मुख्यतः इथेच पडतो.

दुसरी ओळ थर्ड पार्टी. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचा जीव गेला, कोणी जखमी झालं किंवा कोणाच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर त्याची भरपाई यातून होते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे हा विमा सक्तीचा आहे. याचा दर सरकार ठरवतं आणि तो सगळ्या कंपन्यांना सारखाच असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात खाजगी गाडीसाठी वर्षाला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असे आकडे आहेत. विजेवरच्या गाडीला ३० किलोवॉटपर्यंत १,७८०, ३० ते ६५ किलोवॉट २,९०४ आणि त्यावर ६,७१२. सरकारने दर बदलले तर ते सगळ्या कंपन्यांना एकदमच लागू होतात. तेव्हा ‘आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त आहे’ असं कोणी सांगितलं की तिथेच सावध व्हा.

तिसरी ओळ अॅड-ऑन, म्हणजे झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट वगैरे जादा संरक्षणं. चौथी ओळ मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा. तो सक्तीचा आहे, पण तुमच्याकडे आधीच १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असेल, किंवा तुमच्याच नावावरच्या दुसऱ्या गाडीवर तो घेतलेला असेल, तर तसं लिहून देऊन इथले पैसे वाचवता येतात. या सगळ्यांच्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी लागतो.

पायरी २ : हप्ता नेमका कशामुळे वाढला ते शोधा

सगळ्यात जास्त लोक चौथ्या वर्षी दचकतात, आणि कारण अगदी साधं असतं. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन गाडी घेताना थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी तुम्ही फक्त ओडीचे पैसे भरता. चौथ्या वर्षी थर्ड पार्टी पुन्हा सुरू होते. १,१९७ सीसीच्या गाडीला ३,४१६ आणि त्यावर जीएसटी मिळून सुमारे ४,०३१ रुपये वाढतात, गाडीला एक ओरखडाही आलेला नसताना. ही वाढ कोणत्याही कंपनीत गेलात तरी येणारच. ती समजून घ्या आणि तिच्यामागे वेळ घालवू नका.

बाकीची कारणं तपासण्यासारखी आहेत. गेल्या वर्षी क्लेम केला होता का? मग नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, गेला असेल. कंपनीने न विचारता एखादं अॅड-ऑन वाढवलं आहे का? दोन वर्षांचे कागद शेजारी ठेवले की लगेच दिसतं. चावी हरवण्याचा विमा, गाडीतल्या सामानाचा विमा अशा छोट्या छोट्या गोष्टी शोरूमच्या पॅकेजमध्ये हमखास सापडतात. आणि ओडीचा मूळ दरच वाढवला असेल, तर कंपनी बदलण्याचं खरं कारण तेच.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी असलेल्यांसाठी एक गोष्ट. तीन वर्षांची थर्ड पार्टी जिथे आहे तिथेच ठेवून फक्त ओडी दुसऱ्या कंपनीकडून घेता येते. सप्टेंबर २०१९ पासून ही सोय आहे. शोरूममध्ये हे आपणहून कोणी सांगत नाही. नव्या कंपनीला थर्ड पार्टी पॉलिसीचा नंबर आणि मुदत द्यावी लागते, एवढंच.

पायरी ३ : नो क्लेम बोनस सांभाळा

माझ्या मते सगळ्या व्यवहारातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. क्लेम न करता वर्ष गेलं की पुढच्या ओडी हप्त्यावर २० टक्के सूट मिळते, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. एक क्लेम केला की पुढच्या रिन्यूअलला ती शून्यावर येते.

हा बोनस गाडीच्या मालकाचा असतो. कंपनीचा नसतो आणि गाडीचाही नसतो. कंपनी बदललीत तर तो तुमच्याबरोबर जातो. ‘दुसरीकडे गेलात तर बोनस जाईल’ असं फोनवर ऐकवलं जातं, ते साफ खोटं आहे. जुनी गाडी विकून नवी घेतलीत तर जुन्या कंपनीकडून बोनसचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. मात्र तुम्ही जुनी गाडी विकत घेतलीत, तर आधीच्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही. अशा वेळी गाडी नावावर करतानाच विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या.

आता क्लेम करावा की नाही याचा हिशोब. समजा बोनसआधीचा ओडी हप्ता १०,००० रुपये आहे आणि तुम्हाला ५० टक्के बोनस मिळतो. क्लेम केलात की पुढच्या वर्षी ५,००० जास्त जातील. त्याच्या पुढच्या वर्षी २० टक्के बोनस परत येईल, म्हणजे तेव्हा ३,००० जास्त. मग २,५००, मग १,५००, मग ५००. मिळून १२,५०० रुपये, शिवाय जीएसटी. गाडी जुनी होते तसा ओडी हप्ता उतरतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येईल. पण चार-पाच हजारांच्या बंपरसाठी क्लेम करणं परवडत नाही हे यातून स्पष्ट दिसतं. अरुंद रस्त्यांवर आरशाला आरसा लागणं, पार्किंगमध्ये दरवाजा घासणं हे आपल्याकडे रोजचं आहे. ते काम ओळखीच्या गॅरेजमध्ये खिशातून करून घ्या आणि विमा मोठ्या घावासाठी ठेवा.

आणि हे ठरवलंत की त्याचा आणखी एक फायदा घेता येतो. छोटे क्लेम करायचेच नसतील, तर ‘व्हॉलंटरी डिडक्टिबल’ घ्या. म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये सुरुवातीचे २,५०० किंवा ५,००० रुपये आपण सोसायचे आणि त्याबदल्यात ओडीवर सूट घ्यायची. सक्तीचं डिडक्टिबल १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यापुढे २,००० रुपये असतंच, हे त्याच्यावर धरलं जातं. १५,००० चा पर्याय मात्र मी कोणाला सुचवत नाही. त्यातली बचत त्या जोखमीच्या मानाने फारच थोडी असते.

इथला सापळा असा की नव्या कंपनीच्या फॉर्मवर ‘गेल्या वर्षी क्लेम केला का’ असा प्रश्न असतो. घाईत किंवा एजंटच्या सांगण्यावरून ‘नाही’ म्हणून बोनस लावून घेतला आणि खरं म्हणजे क्लेम झालेला असेल, तर नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करते. त्यात खोटं निघालं तर पुढचा क्लेम अडतो. फॉर्म दुसऱ्या कोणी भरला असेल तरी सही तुमची असते. तो प्रश्न स्वतः वाचा.

पायरी ४ : स्वस्त कोटेशनमध्ये आयडीव्ही किती आहे ते पाहा

आयडीव्ही म्हणजे विम्याच्या दृष्टीने गाडीची आजची किंमत. गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर जास्तीत जास्त तेवढेच पैसे मिळतात. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या आजच्या विक्री किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा करून ही किंमत काढतात. एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीन ३०, तीन ते चार ४० आणि चार ते पाच वर्षांना ५० टक्के. पाच वर्षांनंतर ती कंपनी आणि मालक आपसात ठरवतात.

८ लाखांची गाडी साडेतीन वर्षांची असेल तर आयडीव्ही सुमारे ४.८० लाख यायला हवी. एखादी कंपनी ती ३.८० लाख दाखवते आणि हप्ता हजारभर रुपयांनी कमी दिसतो. स्क्रीनवर तो आकडा सगळ्यात वर येतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी ‘टोटल लॉस’, म्हणजे पार मोडलेली, धरली जाते. ४.८० लाखांवर ती मर्यादा ३.६० लाख आहे, ३.८० लाखांवर फक्त २.८५ लाख. म्हणजे आयडीव्ही कमी घेतलीत तर गाडी लवकर टोटल लॉस होईल आणि हातात पैसेही कमी पडतील. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीच्या बाबतीत नेमकं हेच घडतं.

म्हणून सगळ्या कंपन्यांची कोटेशनं एकाच आयडीव्हीवर मागवा. बहुतेक वेबसाइटवर तो आकडा बदलता येतो.

पायरी ५ : आपल्या पावसाला लागतं ते ठेवा, बाकीचं काढा

२३ जुलै २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. डिचोली आणि सत्तरीत पाणी घरांत शिरलं होतं. साखळीला वाळवंटी नदी चढली की बाजाराला दरवर्षी धास्ती असते. मडगाव-म्हापशातही पावसाचा एक जोरदार तास रस्त्यावर गुडघाभर पाणी उभं करतो.

साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे ओडी आणि थर्ड पार्टी एकत्र असलेल्या पॉलिसीत पूर, वादळ, दरड, झाड पडणं, आग, चोरी हे सगळं येतं. फक्त थर्ड पार्टी पॉलिसीत यातलं काहीही येत नाही. पण कॉम्प्रिहेन्सिव्ह असूनही एक मोठं भगदाड राहतं. पाण्यात बंद पडलेली गाडी कोणी पुन्हा चालू करायचा प्रयत्न केला आणि पाणी इंजिनात ओढलं गेलं, तर कंपनी त्याला पुराचं थेट नुकसान मानत नाही, नंतर ओढवून घेतलेलं नुकसान मानते. इंजिनचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट अॅड-ऑन लागतं. गोव्यात, विशेषतः नदीकाठी किंवा सखल भागात राहत असाल, किंवा रोजचा रस्ता पाण्यातून जात असेल, तर हे काढू नका. आणि ते असलं तरी बुडालेली गाडी चालू करू नका. बॅटरी सोडवा, फोटो काढा, टोइंग बोलवा.

झिरो डेप म्हणजे क्लेममध्ये घसारा न कापता पैसे देणारं अॅड-ऑन. ते नसेल तर क्लेममध्ये प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीचे अर्धेच पैसे मिळतात. धातूच्या भागांवर वयाप्रमाणे कपात होते, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. आजच्या गाड्यांचे बंपर, आरशांचे खोके, दिव्यांचे भाग सगळे प्लास्टिकचे. म्हणून पहिली पाच वर्षं झिरो डेप ठेवावं असं मला वाटतं. त्यानंतर काही कंपन्या ते देतच नाहीत, काही देतात पण महाग. तिथे हिशोब करून ठरवा. काचेवर मात्र घसारा लागत नाही. माडाखाली गाडी लावली आणि नारळाने पुढची काच फोडली, तर साध्या पॉलिसीतही काचेची किंमत मिळते. प्रश्न उरतो तो फक्त बोनस घालवायचा की नाही हा.

कन्झ्युमेबल्सचं अॅड-ऑन स्वस्त असतं आणि पाणी शिरलेल्या गाडीला ऑइल, कूलंट, नटबोल्ट सगळंच बदलावं लागतं, म्हणून ते घ्या. रिटर्न टू इनव्हॉइस, म्हणजे गाडी गेली तर आयडीव्हीऐवजी खरेदीच्या बिलाइतके पैसे, हे नवीन गाडीला ठीक. रोडसाइड असिस्टन्स घेताना एक गोष्ट विचारा. तुम्ही काणकोणला किंवा वाळपईला असाल तर टोइंग किती किलोमीटरपर्यंत फुकट आहे? मूळ पॉलिसीत टोइंगसाठी फक्त १,५०० रुपयांची तरतूद असते. चावीचा विमा आणि सामानाचा विमा सरळ काढून टाका.

गाडी जास्त वेळ घरीच उभी असेल, आणि ऑफिसला स्कूटर किंवा कदंब बसने जात असाल, तर किलोमीटरवर चालणारी पॉलिसी विचारा. २०२२ पासून ओडीवर असा पर्याय देण्याची कंपन्यांना मुभा आहे. फक्त किलोमीटर संपल्यावर काय होतं ते लेखी घ्या.

रायबंदर-चोडणची फेरी रोज घेणारे हमखास विचारतात की गाडी फेरीबोटीवर असताना विमा लागू असतो का. असतो. रस्ता, रेल्वे आणि अंतर्गत जलमार्गावरून नेताना होणारं नुकसान कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत येतं.

जे कुठल्याच अॅड-ऑनने भरून निघत नाही तेही लक्षात ठेवा. खाऱ्या हवेचा गंज, झीज, दारू पिऊन चालवलेली गाडी, लायसन्स नसलेला चालक. आणि गोव्यात सर्रास चालणारा प्रकार, खाजगी गाडी पर्यटकांना भाड्याने देणं. चालकाशिवाय भाड्याने द्यायच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं लागतात. पांढऱ्या पाटीची गाडी पैसे घेऊन दिली आणि ती चोर्ला घाटात किंवा कळंगुटच्या रस्त्यावर ठोकली गेली, तर तुमच्या गाडीचा क्लेम नाकारला जाईल आणि कोणी जखमी झालं असेल तर भरपाई तुमच्याच घरावर येऊ शकते. चार दिवसांच्या भाड्यासाठी हे करू नका.

पायरी ६ : कागदपत्रं एका फोल्डरमध्ये ठेवा

- चालू पॉलिसीची सगळी पानं, नुसतं पहिलं पान चालत नाही
- थर्ड पार्टी वेगळी असेल तर ती पॉलिसी
- रिन्यूअल नोटीस, त्यावर बोनसची टक्केवारी असते
- आरसी, दोन्ही बाजू
- आधार आणि पॅन, कारण २०२३ पासून केवायसी सक्तीची आहे
- गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं नाव आणि शाखा
- चालू पीयूसी
- गेल्या तीन वर्षांत क्लेम झाला असेल तर त्याची तारीख आणि रक्कम

पुण्या-मुंबईहून गोव्यात राहायला आलेल्यांनी दोन गोष्टी पाहायच्या. एमएच पासिंगची गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची असेल तर ती जीए नंबरवर करून घ्यावी लागते. आणि विम्यात पुणे-मुंबई ‘ए’ झोनमध्ये येतात, गोवा ‘बी’ झोनमध्ये. ओडीचा दर गाडी कुठे नोंदली आहे यावरही अवलंबून असतो, त्यामुळे नोंदणी बदलल्यावर कंपनीला कळवलंत तर हप्त्यातही थोडा फरक पडू शकतो. पत्ता बदलला असेल तर तो आरसी आणि पॉलिसी दोन्हीकडे बदला.

पायरी ७ : चार ठिकाणाहून भाव मागवा

एक, सध्याची कंपनी. दोन, न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल किंवा युनायटेड इंडिया यांपैकी एक सरकारी कंपनी. तीन आणि चार, खाजगी कंपन्या, थेट त्यांच्या वेबसाइटवरून किंवा तुलना करणाऱ्या साइटवरून. प्रत्येकाला सारखीच आयडीव्ही, सारखेच अॅड-ऑन, सारखंच डिडक्टिबल आणि तुमचा खरा बोनस द्या. नाहीतर तुलनेला काही अर्थ राहत नाही.

तुलनेच्या साइटवर मोबाईल नंबर टाकला की आठवडाभर फोन थांबत नाहीत, याची तयारी ठेवा. फोनवरच्या माणसाने कितीही घाई केली तरी कोटेशन मेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या.

ओळखीच्या एजंटला टाळा असं मी म्हणणार नाही. गोव्यात अजून बरेचसे विमे गावातल्या एजंटकडूनच निघतात आणि क्लेमच्या वेळी गॅरेजमध्ये येऊन उभा राहणारा माणूस असण्याला किंमत आहे. फक्त एवढं समजून घ्या की एजंट साधारणपणे एकाच विमा कंपनीचा असतो, त्यामुळे त्याचा भाव हा एकाच कंपनीचा भाव आहे. ब्रोकरकडे अनेक कंपन्या असतात.

हप्त्याइतकंच कॅशलेस गॅरेज पाहा, म्हणजे जिथे दुरुस्तीचे पैसे विमा कंपनी थेट गॅरेजला देते. ‘गोव्यात आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. तुमच्या मॉडेलचं काम करणारं गॅरेज म्हापशाला, फोंड्याला की मडगावला, ते नाव घेऊन विचारा. मग त्या गॅरेजलाच फोन करा आणि विचारा की या कंपनीचं कॅशलेस आजही चालू आहे का आणि सर्व्हेयर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, किती दिवसांत येतो. बॉडीशॉपवाल्यांना कोणती कंपनी पैसे वेळेवर देते ते पक्कं माहीत असतं. त्या दोन मिनिटांच्या फोनमधून जे कळतं ते जाहिरातींतून कळत नाही.

पायरी ८ : जुन्या कंपनीला एकदा विचारा

हातात दोन लेखी कोटेशनं आली की सध्याच्या कंपनीला किंवा शोरूमच्या विमा काउंटरला ती दाखवा. ओडीवर सूट द्यायला त्यांच्याकडे जागा असते आणि बऱ्याचदा ती विचारल्यावरच मिळते. भाव जवळपास आला आणि त्यांच्याकडचा क्लेमचा अनुभव चांगला असेल, तर तिथेच राहणं शहाणपणाचं. शोरूममधूनच विमा घ्यायची सक्ती कोणी करू शकत नाही. बाहेरून घेतला म्हणून गाडीची वॉरंटीही जात नाही.

पायरी ९ : मुदत संपण्याआधी पैसे भरा

नव्या पॉलिसीची सुरुवात जुनी संपते त्याच्या लगेच पुढच्या क्षणापासून हवी. सात-आठ दिवस आधी पैसे भरून ठेवा.

मुदत एक दिवसानेही चुकली तर ओडी विमा देण्याआधी कंपनी गाडीची तपासणी करते, मोबाईलवर व्हिडिओ मागवते किंवा माणूस पाठवते. त्या मधल्या दिवसांत आंब्याचं झाड पडलं, पाणी शिरलं, काहीही झालं तरी एक पैसा मिळत नाही. ९० दिवस चुकले तर सगळा बोनस जातो. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर पकडली गेली तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ज्यांची मुदत जून-जुलै किंवा चवथीच्या गडबडीत संपते त्यांनी कॅलेंडरवर मे महिन्यातच खूण करावी.

वर्ष मध्येच तोडूनही कंपनी बदलता येते आणि क्लेम झालेला नसेल तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतात. मात्र आधी नवी पॉलिसी हातात घ्या आणि मगच जुनी रद्द करा.

पैसे कंपनीच्या नावाने किंवा तिच्या पेमेंट लिंकवर भरा. कोणाच्या खाजगी यूपीआयवर नाही. चेक दिला असेल तर तो वटेपर्यंत निश्चिंत राहू नका. चेक परत गेला तर पॉलिसी टिकत नाही.

पायरी १० : पॉलिसी हातात आल्यावर त्याच दिवशी वाचा

इंजिन नंबर, चॅसिस नंबर, नोंदणीची तारीख आणि नाव आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. बोनसची टक्केवारी, आयडीव्ही आणि मागितलेलं प्रत्येक अॅड-ऑन पाहा. कर्ज असेल तर बँकेचं नाव हवं. चूक दिसली तर लगेच मेल करून दुरुस्ती मागा. क्लेमच्या दिवशी सुधारायला गेलात तर त्याच चुकीवर संशय घेतला जातो.

काही दिवसांनी सरकारच्या एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची नवी मुदत दिसते का ते पाहा. बनावट पॉलिसी विकणारे फिरतात, आणि ती पकडण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग. पॉलिसी डिजिलॉकरमध्ये ठेवा, नाक्यावर तीच दाखवता येते.

पायरी ११ : अडलंच तर कुठे जायचं

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी मेल करा आणि तक्रार क्रमांक घ्या. उत्तर समाधानकारक नसेल तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवा, किंवा १५५२५५ वर फोन करा. कंपनीने महिनाभर उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. गोवा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येतो. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं असतं, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे घेतले जातात, फी नाही आणि वकीलही लागत नाही. तक्रारीबरोबर पॉलिसी, नकाराचं पत्र, सर्व्हेयरचा अहवाल आणि गॅरेजचं बिल जोडा. सर्व्हेयरच्या अहवालाची प्रत तुम्हाला मागता येते. क्लेम नाकारला गेला असेल, तर कुठलंही पत्र लिहिण्याआधी ती हातात घ्या.